कॉलरच्या वर

पहिल्या आठवड्याचा गृहपाठ पडद्यावर लागला, तेव्हा वर्गातल्या अकरा जणांनी आपापले धड ओळखले. डोके मात्र एकाचेही दिसले नाही. फोटो काढणारे बारावे विद्यार्थी, म्हणजे मास्तर, मागच्या बाकावर समाधानाने बसले होते.

मास्तर म्हणजे शिंपी. बेचाळीस वर्षे चालवलेले दुकान त्यांनी बंद केले, आणि रिकामा नवरा दिवसभर घरात बसवून ठेवण्यास त्यांच्या पत्नीने स्पष्ट नकार दिला. महाविद्यालयात डिजिटल छायाचित्रणाचा तीन महिन्यांचा वर्ग निघाला होता. मुलीने कॅमेरा दिला, पत्नीने डबा दिला. मास्तरांची शाळा सातवीतच सुटलेली. महाविद्यालयाचे एक तरी प्रमाणपत्र आपल्या नावाचे असावे, ही इच्छा त्यांनी कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. मनात नीट घडी घालून ठेवली होती.

"मास्तर, माणसांची डोकी कुठायत?" शिकवणाऱ्या बाईंनी विचारले. त्या मास्तरांच्या मुलीपेक्षाही लहान होत्या.

"असतील की वर. पण हे बघा बाई, या साहेबांचा डावा खांदा कसा उतरलाय. रेडिमेड घेतलं की असंच होतं."

बँकेतल्या कारकुनाने नकळत खांदा सावरला.

बाई समजूतदार होत्या. या माणसाची नजर बेचाळीस वर्षे कॉलर आणि पँटची मोहरी यांच्यामध्येच नांदली आहे, हे त्यांनी ओळखले. "चार पावलं मागे जा, म्हणजे अख्खा माणूस मावेल," त्यांनी सुचवले. मास्तर आज्ञाधारकपणे चार पावले मागे गेले. दुसऱ्या आठवड्यात धडांना पाय फुटले. डोके अजूनही नव्हतेच.

मग शेजारच्या बाकावरच्या नर्सताईंनी तोडगा काढला. "सगळ्यांनी टोप्या घालू या. मास्तरांची नजर आपोआप वर जाईल." नजर गेलीही. तिसऱ्या आठवड्यात पडद्यावर अकरा टोप्या लागल्या, शिवणीसकट. खालचे चेहरे वगळले होते.

"ही टोपी घाईत शिवलीय," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "टाका बघा, कसा पळत सुटलाय."

"फोकस असा की धागे मोजून घ्यावेत," बाईंनी सुस्कारा सोडला. "पण परीक्षेत माणूस ओळखू आला नाही, तर मला पास करता येणार नाही, मास्तर."

"कळतंय बाई." मास्तरांचा आवाज खाली आला. "पण माणूस समोर उभा राहिला की मी मापच घेतो हो. चेहऱ्याकडे बघितलं की गिऱ्हाईक गप्पा मारायला लागतं."

असेच तीन महिने संपले. परीक्षा सोमवारी सकाळी होती. माहितीपुस्तिकेसाठी फोटो हवा होता, म्हणून प्राचार्य स्वतः नवा कोट घालून उभे राहिले. प्रत्येकाला पाच फोटो. काढलेला पुसायचा नाही. मास्तरांची पाळी शेवटची.

"मास्तर, चार झाले," बाई हळूच म्हणाल्या. चारही फोटोंत नुसता कोट होता. सगळ्यांच्या माना पुढे झाल्या. टोप्या सुचवणाऱ्या नर्सताईंनी तर डोळेच मिटून घेतले.

मास्तरांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि खाली घेतला. "बाई, एक मिनिट." ते तडक प्राचार्यांसमोर जाऊन उभे राहिले. "साहेब, हात जरा लांब करा."

ज्यांच्या दारात प्राध्यापक ताटकळत उभे राहत, त्या प्राचार्यांनी मुकाट्याने हात पसरले. शिंप्यापुढे सगळेच पसरतात. मास्तरांच्या खिशातून टाचण्या निघाल्या, खडू निघाला. खांदा उचलला गेला, बाही आखडली, पाठीवर पांढरी रेघ उमटली.

"श्वास सोडा साहेब. पोट आत ओढू नका, मला कळतं."

अकरा विद्यार्थी आपापल्या कॅमेऱ्यामागे दडले. प्राचार्य आधी लाल झाले, मग त्यांना हसू आवरेना.

मास्तर जागेवर परतले. कोटात आता बघण्यासारखे काही उरलेच नव्हते. काम संपलेली नजर क्षणभर घुटमळली आणि कॉलर ओलांडून वर गेली.

"अरे, साहेब हसतायत की," ते पुटपुटले, आणि त्यांनी बटण दाबले.

पडद्यावर प्राचार्य लागले, डोक्यासकट, मनापासून हसणारे. बाईंनी उभ्याउभ्याच 'उत्तीर्ण' लिहिले आणि प्रमाणपत्र पुढे केले. "सही तेवढी तुमची, सर."

प्राचार्यांनी हात वाकवला. टाचणी टोचली. "मास्तर, या टाचण्या आधी काढा."

"आत्ता काढल्या तर मापं जातील. कोट तसाच जपून उतरवा, मी शिवून आणतो."

"कधी मिळेल?"

"गुरुवारी," मास्तर सवयीने बोलून गेले.

"मग सहीसुद्धा गुरुवारी. इकडे कोट, तिकडे प्रमाणपत्र. शुक्रवारपासून मी महिनाभर नाही."

मास्तरांचा चेहरा उतरला. बेचाळीस वर्षांत त्यांचा गुरुवार गुरुवारी कधी उजाडला नव्हता. तो शनिवारी यायचा, क्वचित पुढच्या महिन्यातही.

टाचण्यांसकट कोट हातावर घेऊन ते निघाले. घरी येताच मशीनवरचे कापड ओढून काढले आणि बसले. जेवणासाठी दिलेल्या तीन हाका त्यांना ऐकू गेल्या नाहीत. संध्याकाळचे सहा वाजले, तेव्हा कोट इस्त्री होऊन खुंटीला लागला होता. वार अजून सोमवारच होता.

पत्नी दाराशी उभ्या होत्या. बटणे यायची आहेत, इस्त्री बिघडली आहे, कारागीर आजारी आहे, हे सारे बेचाळीस वर्षे गिऱ्हाइकांना त्यांनीच सांगितले होते. त्यांनी कोट खाली घेतला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवले आणि शांतपणे स्टुलावर बसल्या.

"म्हणजे इतकी वर्षं जमत होतं तर," त्या म्हणाल्या.