देवाच्या तांब्यातला बर्फ

पडदा पेटला तेव्हा नागू कॉम्प्युटरच्या डब्याला मिठी मारून बसला होता. मी घागर घेऊन धावले.

"अक्का, पाणी नको! करंट आहे!"

"मग काय तूप ओतू?"

मेन स्विच पाडला, पडदा ओढून खाली आपटला आणि गोधडीनं बडवून विझवला. धूर निवळल्यावर दिसलं, माझा देवाचा तांब्या त्या उघड्या डब्यात उभा. आत काठोकाठ बर्फ. तांब्याला बाहेरून पाणी सुटलं, ते खाली तारांवर गळलं आणि ठिणगी उडाली.

नागू माझा धाकटा भाऊ. बेळ्ळंदूरच्या एका कंपनीत चिप बनवतो. चिप म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं, बिस्किटाएवढं. त्याच्या ऑफिससमोर, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला, आणखी एक चिपवाली कंपनी आहे. यांनी वेगवान चिप काढली की त्यांची त्याहून वेगवान येते. मग नागूला जेवण गोड लागत नाही. त्या कंपनीचं नाव तो घेत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं घेत नसत, तसं. "पलीकडचे" म्हणतो. त्यांची पाटी निळी, म्हणून मी आणलेली निळी बादली त्यानं परत करायला लावली.

"मागे पडला तो संपला, अक्का," हे त्याचं पालुपद. रिक्षात बसला की, "अण्णा, स्वल्प फास्ट!" म्हणजे कानडीत जरा जोरात. आणि रिक्षा बेळ्ळंदूरच्या सिग्नलला मेल्यासारखी उभी. मी एकदा म्हटलं, "आधी हा सिग्नल फास्ट कर, मग जग कर." तर घरी येईपर्यंत तोंड फुगवून बसला.

मला या शर्यतीचा संताप येतो. परवा जिचे गोडवे गायले ती चिप आज भंगार. पलंगाखाली जुने डबे कोंबलेत, मला केरसुणी घालता येत नाही. एवढी घाई कुणाला आहे? माझी तूरडाळ शिजायची तेव्हाच शिजते.

आणि या शर्यतीपायी घरातली पोर गेली, त्याचं काय?

रेवती नागूची एकुलती एक मुलगी. आई गेल्यावर मीच वाढवली. बापासारखीच चिपवाली झाली आणि नोकरी लागली ती पलीकडच्यांकडे. पेढे घेऊन आली. नागू पेढ्याला शिवला नाही.

"बापाला हरवायला निघालीस? मग पलीकडेच राहा."

तीही त्याचीच मुलगी. "सरी," म्हणजे बरं, म्हणाली, बॅग भरली आणि मारतहळ्ळीला खोली घेतली. मला फोन करते. बापाचं नाव ती काढत नाही, तिचं हा काढत नाही. पेढे मुंग्यांनी खाल्ले.

तर त्या दिवशी पडदा विझवून मी नागूच्या समोर उभी राहिले. "घर जाळतोस? देवाचा तांब्या घेतोस?"

"तांबं उष्णता पटकन ओढतं, अक्का. चिप जास्त पळवली की तापते, म्हणून वर बर्फ."

"पळवायची कशाला?"

त्यानं तांब्या उचलला, खालची चिप काढली आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसला. लहान मुलाचं नाक पुसावं तसा. मी चौथी शिकलेली, पण तिच्यावरचं चिन्ह ओळखलं. गच्चीवरून रोज दिसतं. पलीकडच्यांचं.

"रेवतीनं केलीय," तो म्हणाला. "तिच्या टीमनं. दुकानात आली त्या दिवशीच घेतली. आमच्याकडचे म्हणतात, ही ताण दिला की मरते. मला खरं वाटेना."

"मग? मेली?"

त्यानं पलंगाखालचा एक डबा ओढला, त्यात ती बसवली, मेन स्विच लावला. पडदा उजळला. कॉम्प्युटरचा. खिडकीचा तर गेलाच होता.

"नाही मेली. आमच्याहून पुढे गेली, अक्का. बरीच." आणि डोळे पुसले. धुरानं, म्हणाला.

"मग हे तिला सांग."

"कुठल्या तोंडानं?"

माझं डोकं फिरलं. सगळ्या जगाला घाई, आणि एवढ्या एका फोनला हा दीड वर्ष लावतोय! मीच फोन लावला.

"रेवती, तुझ्या बापानं घर पेटवलं."

ती म्हणाली, "आत्या... बाबा?"

"आहे. मी आहे, तो आहे आणि तुझी चिप आहे. तिघंही वाचलो."