नववा कोनाडा

रोमबाहेरच्या ज्या दोन हजार वर्षांच्या थडग्यात मी आणि कुंदा राहतो, त्याच्या मूळ मालकीणबाईंनी तेरा फेब्रुवारीला सकाळी सव्वादहाला जागा रिकामी करण्याची नोटीस स्वतः आणून दिली.

या वेत्तियाबाई वारल्यानंतर इथे आधी चर्च होतं, मग टेहळणीची चौकी, मग मेंढवाडा, मग मी काम करतो त्या डेअरीचं चीजचं कोठार. सगळे गेले, बाई राहिल्या. भिंतीत अस्थिकलशांसाठी बारा कोनाडे आहेत. नवव्यात कुंदाच्या हळद-मोहरीच्या बरण्या असतात.

गावात एकच घर रिकामं आहे, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. कुंदाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला अकरा दिवस झालेत.

"दारावरचा दगड वाचा," बाई म्हणाल्या. "जागा घरच्यांची, आणि घराने मुक्त केलेल्या गुलामांची. तुम्ही कोण?"

"डेअरीत कामाला आहे."

"म्हणजे कोणीच नाही."

मुक्त व्हायचं तर आधी गुलाम असावं लागतं. तशी सोय होती. मी अर्ज केला आणि दहा पस्तीसला गुलाम झालो. अंगण झाडलं, दोनदा.

"कोपरे राहिले," कुंदा पलंगावरून म्हणाली.

"तू गप्प बस ना."

"का? एरवी कधी झाडू धरलात हातात?"

बाराला बाईंनी खांद्याला छडी लावून मला मुक्त केलं आणि हक्काचा कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, नववा कोनाडा.

"बाई, मी खोली मागितली होती."

"हक्क कोनाड्याचाच असतो, अस्थी ठेवायला. तुम्ही ताबा घेतलात की राखणीसाठी पत्नीला खोलीत राहता येईल, हयातभर. तोवर दोघं राहा. ताब्याची तारीख लिहा, पुढच्या तेरा फेब्रुवारीच्या आतली."

"नाही लिहिली तर?"

"संध्याकाळी सामान बाहेर."

मी कुंदाच्या पट्टी बांधलेल्या गुडघ्याकडे पाहिलं आणि लिहिलं, बारा फेब्रुवारी.

"अहो, बाराला माझी तपासणी आहे," कुंदा म्हणाली. "डॉक्टरांनी कालपासून बरोबर वर्षाने बोलावलंय, साडेतीनला. गाडी कोण चालवणार?"

मी बाईंना विचारलं, "संध्याकाळी सहानंतर चालेल?"

"सहाला आम्ही बंद करतो."

"मग साडेपाच?"

"चालेल."

मी तारखेपुढे वेळ लिहिली. बाईंनी शेजारी सही घेतली.

कुंदा काठी टेकत उठली. नवव्यातल्या बरण्या तिने एकेक करून दहाव्यात ठेवल्या आणि कोनाडा ओल्या फडक्याने पुसून घेतला. कोपऱ्यांसकट.