बापटकाका घड्याळ घेतात

आमच्या शेजारचे बापटकाका कुठलीही वस्तू आधी उलटी करून पाहतात. मिक्सर असो, कलिंगड असो. परवा तर गरम कचोरी उलटली आणि अख्खी चटणी माझ्या शर्टावर. "पुढून काय, सगळंच चकाचक असतं भिया. मागून दाखवा!" हे वर.

असा माणूस पंचाहत्तरीत जुनं स्विस घड्याळ घ्यायला निघाला. लेडीज, किल्लीचं. जुन्या महागड्या घड्याळाची आयुष्यातली पहिलीच खरेदी. "तू इंजिनियर ना? चल." अहो, मी सांवेर रोडच्या कारखान्यात पाण्याचे पंप बनवतो! पण काकांपुढे कोण बोलणार?

विकणारे बन्सलजी, घड्याळ त्यांच्या आईचं. भेट मात्र राजवाड्याजवळच्या घड्याळजीच्या दुकानातच, ही काकांची अट. त्यांनी बिल वाचलं. गॅरंटी कार्डावरचा नंबर आणि घड्याळाच्या पाठीवरचा नंबर भिंगातून तीनदा जुळवला. सर्विसची पावती मागितली. झाकण उघडायला लावून आतली मशीन पाहिली. तरी समाधान नाही! "घड्याळ चार दिवस दुकानात राहील, मी रोज येऊन वेळ तपासीन, पैसे बँकेतूनच देईन." आमच्या ताईचं लग्न याहून कमी चौकशीत जमलं होतं.

चौथ्या दिवशी बन्सलजी भडकले. "अंकलजी, लेना है कि नहीं? मैं चोर दिखता हूँ क्या?"

काकांनी भिंग खाली ठेवलं.

"लग्न झाल्यावर हिला मुंबईच्या फुटपाथवर घड्याळ घेतलं होतं. इम्पोर्टेड म्हणून. तेवढं एकच मागून पाहिलं नाही. मागच्या महिन्यात गुपचूप पॉलिशला इथे आणलं, तर हे घड्याळजी म्हणाले, नकली है, बरसों से बंद है." त्यांनी हातातलं घड्याळ पालथं केलं. "पन्नास वर्षं ही प्रत्येक लग्नात ते मिरवते. अजून रोज सकाळी माझ्यासमोर बसून किल्ली देते हो! एका शब्दाने बोलली नाही."

बन्सलजी खाली बसले. "और आठ दिन देख लो, अंकलजी," म्हणाले. मला माझ्या चार दिवसांच्या हसण्याची लाज वाटली.

घड्याळ घरी आलं तेव्हा मीही होतो. काका कागदांची फाइल उघडून काकूंना नंबर दाखवायला लागले. काकूंनी फाइलकडे पाहिलंच नाही. घड्याळ हातात घेतलं, सवयीने किल्ली दिली, कानाला लावलं आणि तशाच बसून राहिल्या.

"म्हणजे कळलं तुम्हाला," त्या हळूच म्हणाल्या.

काका फाइलमध्ये तोंड घालून सर्विसची पावती शोधत राहिले.