हैबतरावांची भरलेली टाकी

"अख्ख्या मुळशीत असा संडास दावा! मी मिशी उतरवीन!"

भुकूमच्या पारावर बसून हैबतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच ऐकवत होते. आता मंडळी, माणूस बैलांची फुशारकी मारतो, विहिरीची मारतो, फार तर पोराच्या नोकरीची मारतो. पण हैबतरावांना त्या साली दुसरं काही सुचतच नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या फुशारकीच्या मागं एक जुनं दुखणं होतं.

त्यांचा एकुलता एक वाल्मीक खडकीला कारखान्यात. त्याची बायको रत्ना पुण्याची, भवानी पेठेतली. लग्न होऊन सासरी आली, पहाटे तांब्या घेऊन निवडुंगाच्या कुंपणामागं गेली, आणि तिथं कुणाची तरी म्हैस तिच्याकडं टक लावून बघत उभी राहिली! पोर जी रडत घरी आली, ती चार दिवसांत पुण्याला गेली. पुढं नातू झाला. बारशाला आजा-आजी पुण्याला जाऊन पाहुण्यासारखे जेवून आले. माजघरात तुळईला पाळणा टांगलेला, तो रिकामाच. हैबतरावांची बायको गोजराबाई रोज त्याची धूळ पुसायची आणि रोज नवऱ्याला बोलायची.

"पोर म्हनती संडास बांधा, तर बांधा की! का आता नातवाचं त्वांड येकदम त्याच्या लग्नातच बघायचं?"

"अगं, पन घरालगत? लोक काय म्हनतील?"

"लोक काय पाळना हलवाय येनार हायेत?"

झालं! पौडचा रमजान गवंडी आला. परसात खड्डा खणला, त्यात सिमेंटची टाकी, टाकीवर झाकण, वास वर जायला उंच नळी, आणि पलीकडं दगडगोट्यांनी भरलेला पाणी जिरायचा खड्डा. काम संपलं त्या दिवशी रमजान काहीतरी समजावून सांगत होता. पण हैबतराव ऐकतायत कुठं! ते गावभर पेढे वाटत फिरत होते. संडासाचे पेढे! घेणाऱ्यांनी आधी हात पुढं केला, मग कशाचे म्हणून विचारलं, आणि मग पेढा हळूच खिशात टाकला.

वाल्मीकला रजा नव्हती, पण दिवाळीच्या आठवडाभर आधीच रत्ना बाळाला घेऊन आली. महिनाभर राहायचं ठरलं होतं. पाळणा हलला, घरात दुपट्यांचा वास आला, गोजराबाईला सुरात गाता येत नाही हे गावाला कळलं. हैबतराव तर नुसते अंगणात येरझारा घालायचे आणि उगाचच हसायचे. बिचाऱ्याला एवढं सुख सोसायची सवय नव्हती हो.

तिसऱ्या दिवशी त्यांना दुर्बुद्धी झाली. शेजारचा कोंडिबा म्हणाला, "हैबतराव, टाकी भरली तर वो?" बस्स! हैबतरावांनी पहार घातली, झाकण उचकटलं, आणि त्यांच्या पायांखालची जमीनच सरकली. टाकी काठोकाठ भरलेली!

"कोंडिबा! तीन दिसांत भरली रं!"

"मंग दिवाळी सरंस्तवर अंगनात येतीया बगा!"

हैबतरावांना जन्मात ठाऊक होतं ते जमिनीत खणलेलं धान्याचं पेव. पेवात पाणी दिसलं की सगळं गेलं म्हणून समजायचं. टाकी म्हणजे त्यांच्या लेखी पेवच. टाकी फुटणार, घाण अंगणात येणार, सून पुन्हा पुण्याला जाणार! त्यांना त्या दिवशी जेवण गोड लागलं नाही.

मग सुरू झाला बंदोबस्त. आपण स्वतः आणि गोजराबाई, दोघांनी पुन्हा निवडुंगामागं जायचं. संडास फक्त सूनबाईसाठी. पण पाणी जपून! आता हे सुनेला सांगायचं कसं? सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची रीत नव्हती. मग हैबतराव संडासाबाहेर गोठ्याकडं तोंड करून उभे राहायचे आणि गाईला म्हणायचे, "पानी बेतानं वापरावं मानसानं! बादली भरून वतू नये!" गाय रवंथ करायची. आतली बादली घाबरून थांबायची.

रत्ना पदर डोळ्यांपर्यंत ओढून बाहेर आली, की हे झाकणाकडं धावलेच! चुन्याची खूण केलेली काठी बुडवायची, डोळे बारीक करून बघायचं. कोंडिबाही काठी बघायला येऊ लागला. पाठोपाठ आणखी दोघं-तिघं. रत्ना संडासाकडं निघाली की परसात माणसं गोळा व्हायची. ती वाटेतूनच मागं फिरायची. दोन घास कमी खायला लागली पोर. गोजराबाईला वाटलं, दृष्ट लागली. तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या.

पाणी काही उतरेना. शेवटी हैबतरावांनी धोतर खोचलं, नाकाला पंचा बांधला आणि दोर-बादली घेऊन टाकी उपसायला घेतली. पहिली बादली वर आली आणि कोंडिबाला शेतात काम आठवलं. बाकीच्यांनाही आठवलं. सकाळपासून दुपार टळेपर्यंत म्हातारा एकटा उपसत होता आणि केळींच्या वाफ्यात ओतत होता. गावानं त्या दिवशी दारं लावून दिवाळीचा फराळ केला. पाठ मोडली, हातांना फोड आले, पण टाकी तळापर्यंत कोरडी! "आता महिनाभर घोर न्हाई," असं म्हणाले खरे, पण रमजानला विचारीपर्यंत आत थेंबही पडू नये म्हणून त्यांनी संडासाला हे भलंमोठं कुलूप ठोकलं, किल्ली करगोट्याला बांधली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रमजानला जाब विचारायला यष्टीनं पौड गाठलं.

तो दिवस भाऊबीजेचा!

रत्नाचा भाऊ पांढरीशुभ्र विजार घालून पुण्याहून आला. ओवाळणी झाली. गोजराबाईनं चकल्या, करंज्या, वर म्हशीचं दाट दूध, आग्रह करकरून वाढलं. अर्ध्या घटकेत पाहुणा पांढरा पडला.

"ताई... संडास कुठंय गं?"

ताईनं परसाकडं बोट केलं. दाराला कुलूप, आणि किल्ली पौडात!

तिकडं रमजान हैबतरावांचं ऐकून डोक्याला हात लावून बसला. "आवं पाटील, टाकी भरलेलीच असती! जेवडं आत येतं, तेवडं पल्याडच्या खड्ड्यात जाऊन जिरतं. सुरवातीला म्याच तर हिरीच्या पान्यानं भरून दिली, वर घान कुजवाय शेनाचा काला सोडला. तुमास्नी सांगत हुतो, तर तुमी पेढं वाटाय पळाला!"

"म्हंजी... म्या काल हिरीचं पानी उपसलं?"

"बऱ्यापैकी!"

हैबतराव धावतपळत परतले. वाटेत ठरवलं, कुलूप काढायचं, किल्ली विहिरीत टाकायची, आणि गाईला मोठ्यानं सांगायचं की हवं तेवढं पाणी वापरा! पण अंगणात आले तर निवडुंगाच्या बाजूनं पाहुणा लंगडत येत होता. विजारीला काटे. आणि ओट्यावर रत्नाचं गाठोडं बांधलेलं, बाळ खांद्याशी.

"गोजरा! अगं, टाकी रमजाननंच पान्यानं भरलीवती, शेनाचा काला घालून!"

"व्हय. शेन म्याच दिलंवतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"मला वाटलं गिलाव्याला लागत आसंल! आन तुमी इचारलंत कवा?"

हैबतरावांनी रीत-बीत सोडली. थेट सुनेकडं वळून हात जोडले. "पोरी, चुकलं माझं. टाकी भरलेलीच असती म्हनं. तुज्यासाटी बांधला गं ह्यो संडास! जाऊ नगंस."

रत्नाचे डोळे भरून आले होते. तीही पहिल्यांदाच सासऱ्याशी थेट बोलली.

"मामंजी, निवडुंगामागं निदान म्हैसच बघत होती हो."

यष्टी आली नि गेली. पाळणा थोडा वेळ आपोआप हलला आणि थांबला. हैबतरावांनी कुलूप काढलं, दार सताड उघडं ठेवलं, आणि कितीतरी वेळ त्या रिकाम्या संडासासमोर बसून राहिले. मग उठले, सवयीनं तांब्या उचलला आणि निवडुंगाकडं चालू लागले.

मागून गोजराबाईचा आवाज आला.

"पानी बेतानं वापरा!"