आवाज न चढवणारं घर

"आमच्या खानदानात मोठ्यानं बोलाची पद्धतच नाई, खुशालराव," वामनरावांनी चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "माया आजानं कधी आवाज चढवला नाई, माया बापानं नाई. मी तं पाटबंधारे खात्यातली सारी नोकरी कुजबुजत केली. आमच्या घरात पोरगी आली, का तिच्या कानाले आराम."

हे वाक्य अकोल्यातल्या त्या बैठकीत नीट टेकलंही नव्हतं, तोच अंगणातून असा आवाज उठला, की काचेच्या कपाटातल्या कपांनी एकमेकांना धरलं. खुशालरावांच्या थोरल्या बहिणीनं, इंदूबाईनं, हातातलं पोह्यांचं ताट सरळ डोक्यावर घेतलं. वरून काहीतरी पडतंय अशी तिची समजूत झाली होती.

वरून काही पडत नव्हतं. शेखरची गाडी बोंबलत होती.

शेखर हा वामनरावांचा एकुलता एक मुलगा, अमरावतीत इंजिनिअर. त्यानं पुण्याच्या कुंदन नावाच्या माणसाकडून एक जुनी, लाल, जमिनीला चिकटून चालणारी स्पोर्ट्स कार घेतली होती. मुलगी पाहून झाली होती, पत्रिका जुळल्या होत्या, आता फक्त मुलीच्या वडिलांचा होकार यायचा होता, आणि तो ऐकायला जाताना ही गाडी दारात उभी असावी असा शेखरचा बेत होता. गाडीला सीट दोनच. एकीवर शेखर, दुसरीवर वामनराव. त्यामुळे त्याची आई जयवंताबाई पेढे घेऊन बडनेऱ्याहून पॅसेंजरनं आल्या, आणि मूर्तिजापूरकडच्या स्पीडब्रेकरांच्या कृपेनं गाडीच्या आधी पोचल्या.

होकार मिळणं सोपं नव्हतं. खुशालराव मोजकं बोलणारे शेतकरी. त्यांनी आपल्या रागिणीसाठी आलेला एक मुलगा तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो म्हणून परत पाठवला होता, आणि दुसरा स्वतःच्याच विनोदाला हसतो म्हणून. शिवाय सध्या त्यांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बार्शीटाकळीच्या बाजूला त्यांचा हरभरा घाट्यांवर आला होता आणि रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे, कळप रोज त्यात जेवायला उतरत होते. फटाके झाले, बुजगावणी झाली. एका रोह्यानं तर बुजगावण्याचा सदरा खाल्ला होता.

शेखर धावत अंगणात गेला, रिमोट दाबला. गाडी गप झाली. तो येऊन बसला, त्यानं पोह्यांचा पहिला घास उचलला, आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

"मांजर बसलं असन बॉनेटवर," वामनराव म्हणाले. कुजबुजून म्हणाले असते, पण ऐकू गेलं नसतं.

शेजारचे सूर्यभान कुंपणावरून आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण गल्लीत कोणाचं काही बिघडलं की त्यांना बोलवावं लागत नसे. त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर वर्षानुवर्षं बंद होता, त्यामुळे त्यांना दुसऱ्यांच्या गाड्यांकडे पाहायला वेळ मिळे.

"बॅटरी काढा," ते म्हणाले. "बॅटरी काढली, का हत्ती बी गप होते."

शेखरनं रिमोटनं गाडी पुन्हा गप केली. सूर्यभाननं तेवढ्यात पुढचं झाकण उघडलं आणि दोन पावलं मागे सरकले. आत इंजिन नव्हतं. एक खोका होता, त्यात मुलीसाठी आणलेली साडी आणि एक नारळ.

"इंजिन गेलं ना बाप्पा," सूर्यभान म्हणाले. "म्हनून तं बोंबलून राहिली ते. तिची काई चूक नाई."

वामनराव ओट्यावर बसले. "अमरावतीहून निघालो तवा होतं ना रे?"

"बाबा, इंजिन मागं आहे," शेखर मागे बोट दाखवत म्हणाला, आणि नेमकी त्याच क्षणी गाडी पुन्हा ओरडली. वामनरावांना फक्त बोट दिसलं. ते रस्त्याच्या दिशेनं होतं. इंजिन मूर्तिजापूरपाशी पडलं असं ते समजले.

"मंग इथवर आले कसे?" जयवंताबाई नवऱ्याच्या कानाशी ओरडल्या. "उतार होता का?"

या गोंधळात सूर्यभाननं साडीचा खोका बाजूला करून बॅटरी शोधली, घरून पाना आणला आणि तिची तार सोडवली. शेखर नको नको म्हणत होता, ते कोणालाच ऐकू आलं नाही. तार सुटली. गाडीचे दिवे विझले, रिमोट मेला. आणि आवाज दुप्पट झाला.

आता मात्र अंगणातले सगळे गंभीर झाले. गाडीत वीज नाही, दिवा नाही, सूर्यभानच्या मते इंजिनही नाही, तरी ती ओरडत होती.

"मेल्यावर बोलून राहिली हे," इंदूबाई म्हणाली आणि आतून गोधडी घेऊन आली. आवाज जिथून येत होता तिथं तिनं ती चारी बाजूंनी खोचली. त्यानं फरक पडला. आधी गाडी बोंबलत होती, आता गोधडीखाली कोणीतरी लग्नाला नाही म्हणत रडतंय असं वाटू लागलं. गल्लीतली मंडळी फाटकाशी जमली. नवीन आलेल्याला आधीचा माणूस हातवारे करून सांगत होता, आणि सगळ्यांचे हात रागिणीच्या घराकडे वळत होते.

खुशालराव हाताची घडी घालून गाडीकडे बघत उभे होते. एवढ्या वेळात ते एकदाच बोलले. त्यांनी सूर्यभानच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "हा आवाज किती दूर जात असन?"

"बायपासवर ऐकू येत असन, भाऊ."

खुशालरावांनी मान हलवली. हळूच, खोलवर. वामनरावांनी ती मान पाहिली आणि बायकोला खुणेनंच सांगितलं, पेढ्यांचा डबा पिशवीत टाक.

इकडे शेखर कुंदनला फोन लावून एका कानात बोट घालून उभा होता. त्याला काही ऐकू येईना. रागिणी बाहेर आली, त्याच्या हातातला मोबाईल घेतला आणि सरळ धान्याच्या खोलीकडे चालू लागली. तो मागोमाग गेला. तिनं दार लावलं, दाराला तुरीचं एक पोतं टेकवलं आणि स्पीकर सुरू केला.

"त्या भोंग्याच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी असते," कुंदन पुण्याहून शांतपणे सांगत होता. "चोर आधी मोठी बॅटरी तोडतो ना, तेव्हा याला ओरडता यावं म्हणून. ती छोटी म्हातारी झाली की तिला भास होतात. कोणी तार कापली असं वाटतं, आणि ती ओरडते. बाकी काही नाही. फक्त मोठी बॅटरी काढू नका."

रागिणीनं मोबाईल तोंडाजवळ धरला.

"काढली," रागिणी म्हणाली.

"अरे. मग आता तिला भास होत नाहीये. आता तिचं खरं आहे."

उपाय सोपा होता. मोठी बॅटरी पुन्हा जोडायची, किल्लीनं गाडी सुरू करायची, म्हणजे तिला मालक ओळखू येतो. मग भोंग्याची तार काढून त्याला खाली उतरवायचं. फोन ठेवल्यावर रागिणीनं पोतं बाजूला केलं नाही.

"गाडीत खोट आहे हे माहीत होतं तुमाले?"

"कुरकुरते कधी कधी, असं म्हणाला होता तो."

"मंग घेतली काहून?"

शेखरनं मायलेज, मेन्टेनन्स, रीसेल अशी दोन-तीन उत्तरं मनात फिरवली. बाहेर गाडी गोधडीखाली हुंदके देत होती.

"लाल होती," तो म्हणाला.

रागिणी हसली. "बरं झालं खरं बोलले. या आधीचा खर्रा खाऊन, वेलची हाय म्हने." आणि तिनं पोतं ओढलं.

अंगणात दोघांनी मिळून बॅटरी जोडली. पाना सूर्यभानच्या हातातून काढून घ्यावा लागला. शेखरनं किल्ली फिरवली. मागच्या बाजूला इंजिन गुरगुरलं तेव्हा सूर्यभाननं वाकून पाहिलं आणि "सापडलं" म्हणाले. गाडी गप झाली. शेखरनं दोन स्क्रू काढले आणि हातावर घेतला तो डब्याएवढा काळा भोंगा. एवढ्याशा जिवानं सगळी गल्ली गोळा केली होती.

शांतता अशी पसरली, की जयवंताबाईंना आपल्या बांगड्या ऐकू आल्या. इंदूबाईनं भिंतीला टेकून डोळे मिटले. फाटकाशी कोणीतरी देवाचं नाव घेतलं. सुटल्यासारखं वाटून वामनरावांनी छातीवरचा हात काढला आणि सवयीनं पूर्ण ताकदीनं म्हणाले, "आमच्या घरात असं कधी होत नाई."

ते बायपासपर्यंत गेलं.

"आत बसा," खुशालराव म्हणाले. "मले बोलाचं हाय."

सगळे बैठकीत बसले. खुशालरावांनी एकदा मुलीकडे पाहिलं. रागिणीनं मान खाली घालून होकार दिला आणि लगेच वर करून पुन्हा दिला, म्हणजे गैरसमज नको.

"पोरीची हो हाय," ते म्हणाले. "मायी बी हाय. पन मायं एक मागनं हाय, इवाई."

पेढ्यांच्या डब्यावरचा जयवंताबाईंचा हात तिथंच थांबला. मागणं मुलाकडून असतं हे वामनरावांनी ऐकलं होतं, आणि आपण काही मागणार नाही याचा त्यांना अभिमानही होता. पण मुलीचा बाप मागायला बसला तर काय म्हणायचं, याची तयारी त्यांनी केली नव्हती. गाडी विकायला सांगतील? मुलाला अकोल्यात राहायला बोलावतील?

"मागा जी," ते म्हणाले. खानदानात प्रथमच खरोखर कुजबुजून.

खुशालरावांनी टेबलावरचा काळा भोंगा दोन्ही हातांत घेतला, सोन्याचा असावा तसा.

"हे इथंच ठेवून जा. बॅटरी मी नवी टाकतो. हरभऱ्यात रोही लय घुसून राहिले."