नरहररावांची गडगडी

लोहाऱ्याचे नरहरराव कचेरीच्या भांडार विभागातून निवृत्त झाले, तरी अंगातली कचेरी काही गेली नाही. तीन पर्याय तपासल्याशिवाय त्यांनी कधी साधा झाडूही घेतला नाही. (लग्नासाठीही त्यांनी तीन मुली पाहिल्या होत्या. रत्नप्रभाबाई हे आजतागायत ऐकवतात.)

त्यामुळे कडुलिंबाची फांदी काढायचं ठरलं आणि राव कामाला लागले. फांदी पोखरलेली, वाऱ्यात करकरणारी, आणि नेमकी बाईंच्या नव्याकोऱ्या टिनाच्या शेडवर झुकलेली. दुसऱ्या दिवशी त्या शेडमध्ये बाईंचा शिवणवर्ग सुरू व्हायचा होता. पोरांची शिक्षणं, लग्नं, सासूबाईंचं दुखणं, सगळं उरकून बाईंचा जीव आता कुठे स्वतःच्या कामाला लागला होता. फांदी आदळली की शेड गेली, आणि शेडबरोबर सगळंच.

झाडं छाटणारा लखन पांढरकवड्याकडच्या तांड्यावरून आला. वर बघून म्हणाला, "फांदीले बांधतो, बुंध्याले दोराचे येढे मारतो अन् हळूहळू खाली सोडतो. घंटाभराचं काम हाय, साहेब."

"आणि विहिरीवरची गडगडी? गॅरेजातली चेनपुली? तुलना नको का करायला?"

"तुलना कायले जी? फांदी उतरवाची हाय, सोयरीक नाही कराची."

पण चेनपुली लखनच्या साडभावाच्या, म्हणजे साडूच्या, गॅरेजातच होती. ती मिरवायची संधी लखनलाही सोडवेना. तासाभरात तिन्ही साधनं अंगणात हजर! वजनासाठी वाळूचं पोतं भरलं. आधी गडगडीचा नंबर लागला.

लखन म्हणाला, "इकडं मोकळ्या अंगणात पाहू."

"छे! चाचणी प्रत्यक्ष कामाच्या जागीच घ्यायची असते."

झालं! शेडवरच्याच दुसऱ्या एका जाड फांदीला गडगडी टांगली. दोघांनी मिळून पोतं वर ओढलं. गडगडी लोण्यासारखी फिरली. राव खूश!

"आता तू सोड. एकट्याला पेलतं की नाही, तेच तर पाहायचंय."

"साहेब, पोतं तुमच्याहून भारी हाय."

"सोड म्हणतो ना!"

लखननं सोडलं. पोतं खाली निघालं आणि राव वर. गडगडीला घर्षण म्हणून नव्हतंच. टिन फाडून पोतं आत गेलं, आणि राव दोराला लोंबकळत पत्र्याच्या उंचीवर जाऊन थांबले.

आवाजानं रत्नप्रभाबाई धावत आल्या. "अहो, वर काय करून राहिले तुम्ही?"

"चाचणी!" राव वरूनच म्हणाले.

लखननं पाय धरून त्यांना उतरवलं. बाई आत गेल्या आणि भोकाकडे बघतच राहिल्या. मग शिलाई मशीनवर उडालेली वाळू पदरानं झटकू लागल्या. आपण बायकोच्या आनंदावर वाळू ओतली, या विचारानं रावांना रडूच फुटायचं बाकी होतं.

"मी नवीन पत्रा आणतो," ते पुटपुटले. "एकाच दुकानातून. न बघता."

ते ऐकून मात्र बाईंना हसू आलं. भोकातून उन्हाची तिरीप थेट मशीनवर पडली होती. बाईंनी सुई हातात घेतली, दोरा पुढे केला, आणि चष्मा न लावता पहिल्याच झटक्यात ओवला!

"लखन," त्या म्हणाल्या, "इथे आरपार दिसणारा पत्रा बसव. आणि आधी ती फांदी उतरव, तुझ्या पद्धतीनं."

लखननं बुंध्याला वेढे मारून फांदी तुकड्यातुकड्यानं अलगद अंगणात उतरवली. रावांना तोवर लांब खुर्चीत बसवून ठेवलं होतं. दोर त्यांच्या हाताला लागणार नाही, इतकं लांब.

दुसऱ्या दिवशी वर्ग दणक्यात सुरू झाला. त्या उजेडाखालच्या जागेसाठी बायकांची चढाओढ लागली. रावांचा ऊर भरून आला. बायकोला इतकं खुललेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तेवढ्यात बाई दारात आल्या.

"अहो, त्या कोपऱ्यातही असाच उजेड पाहिजे म्हणतात सगळ्या. मी पोतं भरून ठेवलंय. या, तुम्ही नुसता दोर धरा."