भालदार करकोच्याचा सरकलेला मेंदू

एका जंगलात, मुलांनो, राजासमोर बसायला बंदी होती. सिंहमहाराज तेवढे बसत. बाकी सगळे उभे. सर्वांत ताठ उभा राही तो भालदार करकोचा. त्याला सगळे लंबोपंत म्हणत.

एके दिवशी ललकारी देता देता लंबोपंत मटकन खाली बसले. डोके फुटेल असे दुखत होते. घरी नेऊन आडवे केले, तर थोड्या वेळाने दुखणे गायब. उठले, की पुन्हा सुरू.

त्या जंगलात आजाऱ्याला बघायला जायची चांगली पद्धत होती. वराहीकाकू शहाळे घेऊन आल्या. लंबोपंत पडल्या पडल्या मजेत गाणे गुणगुणत होते. पण वडीलधारे माणूस दारात आल्यावर पडून कसे राहायचे? ते अदबीने उठले आणि कण्हू लागले.

काकू बाहेर येऊन अस्वलरावांना म्हणाल्या, "पाहिलंत? एकटा होता तोवर गात होता. मला बघितलं आणि कण्हायला लागला मेला!"

"उभं राहिलं की दुखतं म्हणे," अस्वलराव म्हणाले. "मलाही रोज सकाळी उठायचं जिवावर येतं. मी कुठं बोभाटा करतो?"

गोष्ट महाराजांच्या कानावर गेली. "सोंग निघालं तर उद्याची न्याहारी करकोच्याची," ते म्हणाले आणि त्यांनी डॉक्टर साळिंदरांना बोलावले.

डॉक्टर साळिंदर दूरदूरच्या जंगलांत शिकून म्हातारे झाले होते. इतके शिकले होते की त्यांना स्वतःच्या कुठल्याच वाक्याची खात्री वाटत नसे. घाबरले की त्यांचे काटे उभे राहत. ते बहुतेक वेळ उभेच असत.

"महाराज, मेंदू पाण्यात तरंगत असतो. कण्यापाशी त्या पाण्याच्या पिशवीला भोक पडलं, तर पाणी गळतं आणि दाब कमी होतो. मग उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो. बहुधा. एमआरआय काढला तर दिसेल."

"आणि नाही दिसलं तर?"

"तरी आजार असू शकतो, महाराज. काहींच्या चित्रात दिसत नाही."

"म्हणजे दिसलं तरी आजारी आणि नाही दिसलं तरी आजारी! डॉक्टर आहात की ज्योतिषी? नाही दिसलं, तर न्याहारीला तुम्ही दोघंही."

सरकारी गुहेत एक यंत्र होते. उद्घाटनानंतर ते कुणी चालवले नव्हते. त्यात लंबोपंतांना घातले. पाय बाहेरच राहिले. यंत्र धाडधाड वाजू लागले आणि बाहेर डॉक्टरांचे दात वाजू लागले.

चित्र आले. मेंदू खाली सरकला होता. शिरेत टोचलेल्या औषधामुळे त्याच्यावरचे आवरण चकाकत होते, तीही याच आजाराची खूण. आपण चित्र उलटे तर धरले नाही ना, म्हणून डॉक्टरांनी ते फिरवून पाहिले. मग ओरडलेच, "आजार खरा आहे, महाराज!"

"तरी मी म्हणतच होते," वराहीकाकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी आपलाच एक काटा उपटला, लंबोपंतांचे थोडे रक्त काढले आणि त्यांच्याच पाठीत टोचले. रक्त गोठले, भोक बुजले. लंबोपंत विश्रांतीला गेले.

इकडे महाराज म्हणाले, "आमचाही एमआरआय काढा."

मुकुट काढायला ते तयार नव्हते. यंत्राच्या लोहचुंबकाने तो स्वतःच काढून घेतला. चित्र पाहून डॉक्टर आनंदाने म्हणाले, "अभिनंदन, महाराज! मेंदू जागच्या जागी आहे."

कुणी टाळी वाजवली नाही.

"भालदाराला आहे, आणि राजाला नाही?"

डॉक्टरांचे काटे ताठ झाले. "नीट पाहिलं तर... किंचित खाली असावा, महाराज."

महाराज समाधानाने आडवे झाले. दुसऱ्या दिवशी सगळ्या दरबाऱ्यांचे मेंदू खाली सरकले. अस्वलरावांना तर चित्राचीही गरज पडली नाही. कारभार आडव्याने सुरू झाला आणि खरे सांगायचे तर पूर्वीइतकाच चालला.

मग एका सकाळी लंबोपंत परत आले. ताठ मान, खणखणीत ललकारी. दरबारभर पसरलेल्या पोटांमध्ये ते एकटेच उभे.

"राजा आडवा आणि चाकर उभा?" महाराज गुरगुरले. "वरून बघतो आमच्याकडे!"

"महाराज, तो बरा झालाय," डॉक्टर पुटपुटले.

"मग परत आजारी करा. भोक बुजवता येतं, तर पाडताही येत असेल. नाहीतर आम्हाला भूक लागलीच आहे."

डॉक्टरांनी काटा उपटला, पण तो टोचेनात. शेवटी लंबोपंतांनीच त्यांच्याकडे पाठ केली.

"पाडा, डॉक्टरसाहेब."

"दुखेल हो, लंबोपंत."

"उभा राहिलो तरच ना?"

तात्पर्य : बरे होण्याची घाई करू नये. आधी साहेबांची प्रकृती विचारून घ्यावी.